भाऊजींची पावसाळी शिकवणी

दुबईत पाऊस पडला की सगळ्यात आधी मराठी माणसाची छाती फुगते. बाकीच्या देशांचे लोक खिडक्या लावून घेतात, बाल्कनीतले कपडे आत ओढतात. आपला माणूस गाडीची किल्ली शोधतो. "आम्हाला काय पाऊस शिकवता? आम्ही पावसात वाढलोय." हे वाक्य मी अल मनखूलच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ऐकलंय, वाण्याकडे ऐकलंय, ऑफिसात तर दर हिवाळ्यात ऐकते. आणि दर हिवाळ्यात हेच पावसात वाढलेले लोक हायवेच्या कडेला कमरेवर हात ठेवून आपल्या गाडीचं चेपलेलं नाक न्याहाळत उभे असतात.

पावसात वाढलो हे खरं आहे. पण कसे? मुंबईत पावसात गाडी चालवली म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रांगलो. पुण्यात चालवली म्हणजे खड्डे मोजले. ज्या गाडीला वेगच नव्हता ती घसरणार कशी? इथे सहा-सहा पदरी गुळगुळीत रस्ते आणि शंभराच्या वर जायची मुभा. अनुभव तिकडचा आणला, वेग इकडचा घेतला, आणि दोघांची भेट पहिल्यांदा पाण्याच्या डबक्यात झाली.

मी एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ॲडमिन बघते. कामगारांची ने-आण करणाऱ्या बसेस माझ्याकडे आहेत. म्हणजे त्यांचे विमे, त्यांचे टायर, ड्रायव्हरांच्या रजा, आणि पाऊस पडला की कोणी कोणाला कुठे ठोकलं याचे अहवाल. त्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी का घसरते हा माझ्या लेखी कुतूहलाचा विषय नाही, कामाचा आहे. ऑफिसात मी यावर बोलले की लोक लिहून घेतात. घरात बोलले की नवरा म्हणतो, "चहा टाकतेस का?"

गेल्या हिवाळ्यात मात्र हा विषय घरातच येऊन बसला. मुलीला पहिली नोकरी लागली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, म्हणजे डीआयपीत, मसाल्यांचा कारखाना आहे, त्याच्या प्रयोगशाळेत. सकाळची शिफ्ट. अल मनखूलहून आधी मेट्रो, मग बस, मग गोदामांच्या रांगांमधून पायपीट. बस चुकली की उशीर ठरलेला. तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला बसवून शांतपणे सांगितलं होतं की प्रोबेशनमध्ये असंच चाललं तर पुढे कठीण आहे. सकाळची पहिली सँपलं तपासायला माणूस हवा, आणि तो माणूस बसची वाट बघत उभा.

लायसन्स तिला मिळालं होतं. कितव्या टेस्टला, ते विचारू नका. आमच्याकडे तो विषय बंद आहे. गाडीही होती. आमची जुनी सेडान दिवसभर इमारतीमागच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हात शिजत असते, कारण नवरा बर दुबईतल्या आपल्या ऑफिसात चालत जातो आणि मला कंपनीची बस उचलते. गाडी होती, लायसन्स होतं, गरज होती. फक्त किल्ली नव्हती. किल्ली नवऱ्याकडे होती, आणि नवऱ्याचं मत त्याच्या धाकट्या भावाकडे.

भाऊजी सिलिकॉन ओएसिसला राहतात, आयटीत आहेत. माणूस प्रेमळ आहे हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते सांगायला जागा मिळणार नाही. त्या हिवाळ्याच्या वर्षभर आधी त्यांनी मोठी फोर-बाय-फोर घेतली आणि वाळवंटात गाड्या पळवणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरले. तेव्हापासून ते बोलत नाहीत, ब्रीफिंग देतात. मुलाची ॲडमिशन असो की कोणाची गुडघेदुखी, दाखला वाळूच्या टेकडीचा. गणपतीच्या आरतीला उभे असतानासुद्धा त्यांच्या पट्ट्याला हवा मोजायचं यंत्र लटकत होतं.

गाडीचा विषय निघाला तेव्हा ते आमच्याकडे जेवायला आले होते.

"वहिनी, उन्हात काय, कोणीही चालवेल," ते म्हणाले. "पाऊस येऊ दे. मी स्वतः हिला बाहेर काढतो. पावसात पास झाली की किल्ली हिची. खलास."

"बट काका, आय ऑलरेडी हॅव अ लायसन्स," मुलगी म्हणाली.

"लायसन्स कागद आहे, बेटा. रस्ता वेगळा."

"बरोबर आहे त्याचं," नवरा म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली.

आता ज्या देशात पाऊस पाहुण्यासारखा येतो, तिथे पावसाच्या परीक्षेची वाट बघणं म्हणजे काय ते समजून घ्या. मुलगी रोज अंधारात उठून मेट्रो गाठत होती आणि डब्यात उभ्या उभ्या हवामानाचं ॲप बघत होती. पाऊस पडावा म्हणून जीव टांगणीला लावून बसलेली ती दुबईतली एकटीच नोकरदार असेल. तिच्या काकांना घाई नव्हती. त्यांचं प्रोबेशन केव्हाच संपलं होतं.

शेवटी एका शनिवारी सकाळी ढग आले. सगळ्यांच्या फोनवर एकदम सावधगिरीचा इशारा किंचाळला: कामाशिवाय बाहेर पडू नका. हा इशारा वाचून आमचा मराठी ग्रुप ज्या उत्साहाने बाहेर पडला, तो बघण्यासारखा होता. कोणी भजीचं पीठ घेऊन डोंगराकडे निघालं होतं, कोणी वाहणारे ओढे बघायला. भाऊजी आमच्या पार्किंगमध्ये हजर झाले. गुडघ्यापर्यंतचे बूट, कपाळावर गॉगल.

"यल्ला, चला! कुठे आहे स्टुडंट?"

आम्ही तिघं खाली उतरलो. पाऊस नुकताच बारीक सुरू झाला होता. भाऊजींनी आमच्या सेडानभोवती एक फेरी मारली, एका टायरला बुटाने टोकरलं आणि मान हलवली.

"दादा, फुल हवा आहे यात."

"मग?" नवरा म्हणाला.

"मग काय! स्लिप होणार ना." त्यांनी खिशातून चार छोट्या पितळी नळ्या काढल्या, हवा सोडायच्या. "वाळूत आम्ही पंधरावर आणतो. गाडी अशी चिकटून चालते, सांगू! ओल्या रस्त्याला तेच लॉजिक. टायर पसरला की ग्रिप वाढली. इथे बावीस ठेवू."

ही चूक फक्त इथेच होऊ शकते. पुण्यातल्या माणसाला पावसात टायरची हवा काढायची बुद्धी होणार नाही, कारण त्याला वाळूची टेकडी चढायची नसते. मी म्हटलं, "भाऊजी, वाळूत टायर पसरावा लागतो, नाहीतर तो रुततो. पाण्यात उलटं आहे. पाणी कापून खालच्या डांबरापर्यंत पोचायला टायर टणक लागतो. पसरला तर तरंगेल."

"वहिनी, मी दर वीकेंडला चालवतो. तुम्ही बसेस बघता."

"बसेसच बघते. एकेकीत पन्नास माणसं बसतात."

"अगं, त्याला कळतं," नवरा म्हणाला. "कशाला सकाळी सकाळी?" हे वाक्य माझ्या लग्नाबरोबरच घरात आलेलं आहे.

मुलीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं. "काका, इट सेज थर्टी-थ्री हिअर."

"ते युरोपसाठी लिहितात, बेटा," भाऊजी म्हणाले. आणि फुस्स.

मी तिथेच सगळं थांबवू शकले असते. पण मग परीक्षाच रद्द, आणि पुढचा पाऊस कदाचित पुढच्या हिवाळ्यात. मुलगी माझ्याकडे बघत होती, वाद वाढवू नकोस अशा डोळ्यांनी. मी एकच अट घातली: ऐंशीच्या वर जायचं नाही.

"इन्शाल्ला," भाऊजी म्हणाले.

आधी डेमो ते देणार होते. म्हणजे गाडी तेच चालवणार, मुलगी शेजारी बसून बघणार, आम्ही नवराबायको मागे. पार्किंगमधून बाहेर पडताच त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे चारही दिवे लुकलुकायला लावले. इकडे पाऊस पडला की अर्धी दुबई हेच करते. थांबलेल्या गाडीने देण्याची ही खूण आहे. धावत्या गाडीने ती दिली की मागच्याला कळत नाही तुम्ही थांबलाय की चाललाय, वळलात तरी कळत नाही, आणि वर दंडही होतो. भाऊजींना ते लग्नाच्या वरातीसारखं शोभेचं वाटत असावं.

हायवेला लागेपर्यंत रस्ता कसा होता ते सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. इथे महिनोन् महिने पाऊस नसतो. तेवढ्या काळात रस्त्यावर धूळ बसते, गाड्यांचं तेल ठिबकतं, टायर झिजून रबराची पूड पसरते. पहिली सर आली की या सगळ्याचा बुळबुळीत लेप तयार होतो. जोराचा पाऊस बराच वेळ पडला तर तो धुऊन जातो, पण पहिल्या रिमझिमीत रस्ता सगळ्यात जास्त दगा देतो. लोकांना मात्र रिमझिम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. वायपर सावकाश फिरतो म्हणून गाडी जोरात. वर पांढरे पट्टे, रस्त्यातले लोखंडी सांधे, हे ओले झाले की डांबराहून जास्त निसरडे.

टायरची गोष्टही इथे वेगळी. तिकडे आपण नुसत्या खाचा बघतो. खाचा खोल, म्हणजे टायर नवा. इथल्या उन्हात उभी असलेली गाडी चालो न चालो, तिचं रबर कडक होत जातं. खाचा दिसायला शाबूत आणि पकड गेलेली. म्हणून टायरवर कोरलेला तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष बघायचं. आमच्या सेडानचे टायर मी उन्हाळा संपताच बदलून घेतले होते. तेव्हा नवऱ्याने, अजून चालले असते की, असं तीन खोल्यांत फिरून सांगितलं होतं.

हायवेला लागल्यावर भाऊजी खुलले. "बघ बेटा, वेट रोडवर रिलॅक्स राहायचं. टेन्शन घेतलं की गाडीला कळतं."

"भाऊजी, शंभर झाले," मी मागून म्हटलं.

"ट्रॅफिकच्या फ्लोबरोबर जावं लागतं, वहिनी. स्लो गेलो तर मागचा ठोकेल." आणि त्यांनी स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं. "आता क्रूझ. वेग गाडी सांभाळेल, पाय मोकळा."

"काका, क्रूझ इन द रेन?" मुलीने विचारलं. "आमच्या इन्स्ट्रक्टरने सांगितलं होतं की..."

"इन्स्ट्रक्टर! तो कधी डोंगरात गेलाय का?"

आम्ही डोंगरात नव्हतो. डीआयपीकडे जाणाऱ्या सरळ हायवेवर होतो. शेजारच्या गाडीतला माणूस एका हाताने पावसाचा व्हिडिओ काढत होता आणि मला वाटतं, दुसऱ्या हाताने चहा पीत होता. पुढच्या पुलाखालून बाहेर पडल्यावर रस्ता थोडा खोलगट होता. इथली गटारं बहुतेक वर्ष वाळू गिळण्यात घालवतात, त्यामुळे पाणी तुंबलं होतं. पुढच्या ट्रकने दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडवले, तेव्हा त्याचा वेग कमी झालेला मला दिसला. भाऊजींनाही दिसला असेल. पण त्यांचा पाय मोकळा होता.

आधी आवाज बदलला. टायरखालची सरसर बंद पडली आणि गाडी एकदम गप्प झाली. मग इंजिनाचा सूर वर चढला, कारण क्रूझला वाटलं वेग कमी पडतोय. स्टिअरिंग भाऊजींच्या हातात खेळण्यातल्यासारखं सैल फिरलं. गाडी चालत नव्हती, नुसती जात होती.

"अरे?" भाऊजी म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी करू नये त्या दोन्ही गोष्टी एकदम केल्या. ब्रेकवर उभे राहिले आणि स्टिअरिंग जोरात वळवलं. पाणी संपलं, वळलेल्या चाकांना एकदम डांबर सापडलं, आणि गाडीने झटका देऊन स्वतःभोवती गिरकी घेतली. खिडकीतून मला आधी दुभाजक दिसला, मग मागून येणाऱ्या गाड्यांचे दिवे, मग वाळू. नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं. ते दुखतंय हे मला नंतर कळलं. गाडी उजव्या कडेच्या वाळूत जाऊन थांबली, तोंड येणाऱ्या वाहनांकडे करून.

वायपर चालूच होते. कोणालाही काही लागलं नव्हतं. ट्रक एकामागून एक आमच्या तोंडासमोरून जात होते आणि प्रत्येकाबरोबर गाडी हलत होती.

भाऊजींनी घसा साफ केला. "हे बघ बेटा," ते म्हणाले, "असं झालं तर घाबरायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी चार लुकलुकते दिवे बंद केले. सकाळपासून धावत्या गाडीत लावले होते. आता गाडी उलट्या तोंडाने उभी होती, तेव्हा बंद केले.

"काका, हॅझर्ड ऑन करा. नाऊ वी नीड इट," मुलगी म्हणाली. सगळेजण रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारांनी उतरलो आणि वाळूत बरेच आत जाऊन उभे राहिलो. उभ्या गाडीत बसून राहणं हे घसरण्याहून धोक्याचं असतं. माझ्या टेबलावरच्या अहवालांत पहिली धडक पुष्कळदा साधीच असते, माणूस जखमी होतो तो दुसऱ्या धडकेत.

पावसात भिजत दोघा भावांनी कारणांची चर्चा सुरू केली.

"रस्त्यावर ऑइल असणार."

"असेल, असेल."

"रोडचं डिझाइनच चुकलंय इथे, दादा. आणि तुझी गाडी हलकी आहे. माझी असती तर जागची हलली नसती."

हवेचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही, कारण माझं लक्ष मुलीकडे होतं. ती ओढणी पिळत उभी होती. मान वर न करता मला म्हणाली, "आई, आय डोन्ट थिंक आय कॅन डू धिस."

भाऊजींनी ते लगेच ऐकलं. "तेच तर मी म्हणत होतो! शॉक बसलाय पोरीला. हिवाळा जाऊ दे, मग बघू."

"हो, राहू दे आता," नवरा म्हणाला. त्याचा हात खिशाकडे गेला. किल्ली त्याच्याकडे नव्हती, गाडीतच होती, पण सवयीने गेला. आणि मला समोर दिसायला लागलं: पुन्हा मेट्रो, पुन्हा बस, महिनाअखेरीला त्या शांत बोलणाऱ्या बाई.

मी मुलीला म्हटलं, "गाडी तू घसरवलीस का?"

"नो, बट..."

"मग नापास कोण झालं?"

"वहिनी, हे काय बोलणं झालं?" भाऊजी म्हणाले.

"थांबा भाऊजी, मी तिच्याशी बोलतेय." मी तिला सरळ सांगितलं की हे नशीब नव्हतं. टायर मऊ होते म्हणून पाण्यावर चढले. वेग जास्त होता म्हणून खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ मिळाला नाही. क्रूझ लावलेला, म्हणून पाय उचलायलाही कोणी नव्हतं. आणि वर ब्रेक. पाऊस आणि रस्ता सोडला तर यातलं एकही आभाळातून पडलेलं नाही. तिने ऐकलं, पण चेहरा तसाच राहिला. भीतीला कारणं सांगून फारसा उपयोग होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

उपयोग भाऊजींचा झाला.

थोड्या वेळाने गस्तीची गाडी आली. तिने मागे दिवे लावून एक लेन अडवली आणि एक तरुण अधिकारी उतरून आमच्यापर्यंत आला. सगळे ठीक आहात ना, हे त्याने आधी विचारलं. मग, "हू इज ड्रायव्हर?"

भाऊजी एक पाऊल पुढे झाले. मला वाटलं, सांगतील. त्यांनी हात मुलीच्या दिशेने केला. "सर, ॲक्च्युअली, शी इज न्यू ड्रायव्हर. टुडे ट्रेनिंग. व्हेरी लिटल एक्स्पीरियन्स..."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तीच तर त्यांची हुशारी. अधिकाऱ्याने मुलीकडे बघितलं. नवऱ्याने भावाकडे बघितलं. गेल्या पंचवीस वर्षांत त्याने भावाकडे असं बघितलेलं मला तरी आठवत नाही.

मुलीने मान वर केली. "आय वॉज नॉट ड्रायव्हिंग, सर," ती म्हणाली. "ही वॉज. आय वॉज सिटिंग नेक्स्ट टू हिम अँड टेलिंग हिम टू स्लो डाऊन." हे शेवटचं थोडं वाढवून सांगितलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

"ॲक्च्युअली मी तेच एक्स्प्लेन करत होतो," भाऊजी म्हणाले.

अधिकाऱ्याने त्यांचं लायसन्स बघितलं, टायरकडे बघितलं आणि टायरला हात लावला. भाऊजींना "स्लोली, स्लोली" असं दोनदा सांगितलं. मग लेन अडवून ठेवली आणि गाडी सरळ करून घ्या म्हणाला.

भाऊजी ड्रायव्हरच्या दाराकडे निघाले. नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मागे बस."

"अरे दादा, ती आत्ता..."

"मागे बस म्हटलं ना."

मुलगी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आरसे लावले, सीट पुढे ओढली, पट्टा बांधला. मागून तिचा आवळलेला जबडा दिसत होता. रागावलेल्या माणसाने गाडी चालवू नये असं मी ड्रायव्हरांना नेहमी सांगते. त्या दिवशी तो नियम मी मनातल्या मनात स्थगित केला.

पहिलं काम पेट्रोल पंप. उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनने, चाळीसच्या वेगाने ती तिथवर गेली. मागून हॉर्न वाजले, ते वाजू दिले. पंपावर चारही टायरमध्ये स्टिकरवरच्या आकड्याएवढी हवा भरली. भाऊजी मागच्या सीटवर, माझ्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. इतकं मोठं माणूस आमच्या गाडीत मागे कधी बसलंच नव्हतं.

"आता तेहतीस म्हणजे जरा जास्तच होतंय," ते पुटपुटले.

मग ती पुन्हा हायवेवर आली. मला वाटलं होतं, घरी वळेल. तिने डीआयपीचा फाटा धरला. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर, त्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेल्या पट्ट्यांवरूनच आपली चाकं, पाय हलका. मधल्या मोकळ्या जागेत कोणीतरी सारखं घुसत होतं. ती दर वेळी थोडी मागे सरून अंतर नव्याने करायची. हे करायला जो चिवटपणा लागतो तो इथे दुर्मिळ आहे. इथे मोकळी जागा दिसली की ती आपल्या मालकीची.

"इंडिकेटर दे," भाऊजी म्हणाले.

"काका, प्लीज."

"नाही, मी आपलं..."

"तू आपलं गप्प बस," नवरा पुढून म्हणाला.

कारखान्याच्या अलीकडे रस्ता पुन्हा खोलगट होता. पाणी तिला आधीच दिसलं होतं. तिने वेग डबक्यात नाही, डबक्याच्या आधी कमी केला. तरीही मधोमध एक क्षण तोच आवाज आला, म्हणजे सरसर बंद होण्याचा. भाऊजींनी पुढच्या सीटची पाठ धरली. मुलीने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, स्टिअरिंग जिकडे जायचं होतं तिकडे धरून ठेवलं, आणि वाट बघितली. ब्रेक नाही, झटका नाही, काही नाही. टायरने पुन्हा रस्ता धरला. सरसर सुरू झाली.

गाडीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवऱ्याने फक्त खिडकी जरा खाली केली, पाऊस आत आला तरी.

कारखान्याच्या फाटकाशी तिने गाडी थांबवली, शनिवारचं बंद फाटक बघितलं, गाडी वळवली आणि आम्हाला घरी आणलं. पार्किंगमध्ये भाऊजी उतरले, बूट आपटून वाळू झाडली. "एकंदरीत बरी चालवते," ते म्हणाले. "ब्रेकिंगवर थोडं काम लागेल." मग आपल्या उंच गाडीत चढले आणि गेले. जाताना चारही दिवे लुकलुकत होते.

संध्याकाळी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला, मराठी वाचताना अडखळत: "आज पुतणीला वेट रोड ट्रेनिंग दिलं. कंट्रोल्ड स्किडचा लाइव्ह डेमोही करून दाखवला. पोरगी तयार झाली आहे." खाली पुण्याहून आत्या, मुंबईहून मावसभाऊ, सगळ्यांचे जोडलेले हात आणि टाळ्या. किती करता हो मुलांसाठी, असं एका काकूंनी लिहिलं होतं.

"आई, कंट्रोल्ड!" मुलगी म्हणाली आणि सोफ्यावर आडवी पडून हसली. मी लिहायला फोन उचलला होता. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. "लेट हिम हॅव इट. आय हॅव द कार." आणि तिने भाऊजींना अंगठा पाठवून दिला. ही उदारता तिने कोणाकडून घेतली ते मला माहीत नाही. माझ्याकडून नक्की नाही.

सोमवारी पुन्हा पाऊस होता. शाळा बंद, अर्धी ऑफिसं घरून, मसाल्याचा कारखाना चालू. मुलगी नेहमीपेक्षा लवकर निघाली. नवरा तिच्या मागे लिफ्टपर्यंत गेला. त्याला बरंच काही सांगायचं असणार. तो म्हणाला, "सावकाश."

"बाबा, आय नो."

तो परत आला आणि खिडकीशी उभा राहिला. तिथून पार्किंग दिसतं, हायवे दिसत नाही. मी चहा टाकला. तो गार झाला तरी त्याने घेतला नाही. मग दोघांच्या फोनवर एकदमच मेसेज आला: रीच्ड. खाली फोटो होता. प्रयोगशाळेच्या टेबलावर सकाळची पहिली सँपलं ओळीने मांडलेली, आणि मागच्या सगळ्या खुर्च्या अजून रिकाम्या.